वारीतलं ओझं कुणी वाहिलं?

आमच्या मंडळाच्या एका बैठकीत वारीचा विषय निघाला. मी सहज बोलून गेलो, की मी फलटण ते पंढरपूर चालत गेलो होतो, बॅग गाडीत होती आणि रात्री मुक्काम लोकांच्या घरी भाड्याने घेतलेल्या खोल्यांत. समोर बसलेले एक ज्येष्ठ सभासद लगेच म्हणाले, "मग ती वारी कसली ओ? ट्रिप म्हणा की!" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सामान स्वतःच्या पाठीवर असेल तरच वारी, असा नियम नेमका कधी होता? आणि नसेल, तर मग आजवर हे ओझं वाहिलं कुणी, त्याचे पैसे दिले कुणी, आणि रात्री डोक्यावर छप्पर कुणाला मिळालं, कुणाला नाही?

मी इंजिनिअर माणूस. तीस वर्षं पूल, रस्ते आणि त्यांच्यावरून जाणारा भार यांचे हिशोब केले. इतिहास नंतर हातात घेतला, तोही कुणाकडे न शिकता. त्यामुळे वारीकडे बघतानाही माझी नजर आधी भाराकडे जाते. भक्तीबद्दल लिहिणारे माझ्यापेक्षा थोर लोक पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही.

विषयाची सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करू. चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी अंकली आहे. मिरजेकडे जाताना पूल लागतो तेच गाव. दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात, आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं प्रस्थान व्हायच्या दहा-अकरा दिवस आधी, अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दोन घोडे निघतात. मिरज, सांगली, मग इस्लामपूरच्या बाजूने पुढे सातारा, पुणे करत ते आळंदीला पोचतात. हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि ते घोडे चालत जातात. ट्रकमध्ये घालून एका रात्रीत नेता आले असते, पण तसं करत नाहीत. रिंगणात धावतात ते हेच. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून माउलींचे घोडे दरवर्षी एक राज्यसीमा ओलांडून आळंदीला जातात. सीमाप्रश्नावर आपल्याकडे इतकं बोललं गेलं, पण ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही.

घोड्यांचं सगळ्यांना माहीत असतं. माझा विषय त्यांच्या मागून येणारी दुसरी वस्तू आहे: तंबू. वाटेवरच्या मुक्कामांत माउलींच्या पादुका ज्या तंबूत असतात तो शितोळे सरकारांचा. नैवेद्याची सेवाही त्यांच्याकडे. म्हणजे पालखी सोहळ्यातलं राहण्याचं आणि खाण्याचं काम, निदान देवापुरतं तरी, सुरुवातीपासून एका सरदार घराण्याने अंगावर घेतलेलं आहे. हे असं का झालं ते समजायला ग्वाल्हेरला जावं लागतं.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. पंढरीची वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीची. पण पालखी ही त्या मानाने नवी गोष्ट. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घालून आळंदीला आणल्या, तिथून ज्ञानेश्वरांच्या पादुका घेतल्या, आणि दोन्ही एकत्र पंढरपूरला नेल्या. 'ज्ञानोबा-तुकाराम' हा गजर त्या जोडीचा. त्याआधी वारकरी पादुका गळ्यात बांधून नेत असत अशी परंपरा सांगतात. म्हणजे देवाचा भारसुद्धा आधी गळ्यात, मग खांद्यावर, आणि पुढे बैलांच्या रथावर गेला. रथाला कुणी 'सोय' म्हणत नाही. उलट बैलजोडीचा मान मिळावा म्हणून गावागावांत चढाओढ असते.

एकोणिसाव्या शतकात देहूच्या घराण्यात मानपानाचे वाद वाढले आणि 1832 च्या सुमारास ज्ञानेश्वरांची पालखी वेगळी निघू लागली. ती काढली हैबतबाबांनी. मूळ नाव हैबतराव पवार, साताऱ्याजवळच्या आरफळचे, म्हणून आरफळकर. हा माणूस ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होता. सातपुड्यात भिल्लांनी पकडलं, हरिपाठ म्हणत राहिले, सुटका झाली, आणि घरी न जाता थेट आळंदीला येऊन राहिले, अशी कथा वारकरी सांगतात. आळंदीच्या देवळाच्या महाद्वारातली पहिली पायरी ती हैबतबाबांची. तिची पूजा झाल्याशिवाय कार्तिकातली यात्रा सुरू होत नाही. सोहळ्याचे 'मालक' हा मान आजही त्यांच्या घराण्याकडे आहे.

आता जरा शिपायाच्या नजरेने बघा. फौजेत वावरलेल्या माणसाला काही हजार लोक रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला कसे न्यायचे हे कुणी शिकवायला लागत नाही. पालखी सोहळ्याची रचना उघडी करून बघितली तर ती लष्करी तळाची रचना आहे. निघायच्या आधी तीन वेळा कर्णा वाजतो: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला रांगेत या, तिसऱ्याला चाला. दिंड्यांना क्रमांक आहेत, 27 रथाच्या पुढे आणि बाकीच्या मागे, आणि जागा बदलत नाही. घोडे पुढे. चोपदार हे शिस्तीचे अधिकारी. मुक्कामाच्या जागेला 'तळ' म्हणतात, हा शब्दच छावणीचा. छावणी म्हटली की तंबू आला, जनावरं आली, दाणागोटा आला, आणि हे सगळं घेऊन जाणारी बुणग्यांची रांग आली. मराठ्यांच्या फौजेबरोबर बुणगे असायचेच. बुणग्यांना इतिहासात कुणी चांगलं म्हटलेलं नाही (पानिपतानंतर तर मुळीच नाही), पण त्यांच्याशिवाय फौज चार मुक्काम पुढे सरकली नसती.

मग हैबतबाबांनी तंबू, घोडे, नैवेद्य मागायला अंकलीच्या शितोळ्यांकडेच का जावं? मला वाटतं दुवा ग्वाल्हेरचा. महादजी शिंद्यांची मुलगी बाळाबाई ही लाडोजीराव शितोळ्यांना दिलेली होती. अंकलीकर शितोळे हे शिंदेशाहीतले मोठे सरदार. हैबतराव त्याच दरबारातला माणूस. आज आपण अंकलीला 'आपल्या जिल्ह्यातलं एक गाव' म्हणतो, पण 1832 मध्ये अंकली, ग्वाल्हेर आणि आळंदी ही तीन गावं एकाच ओळखीपाळखीच्या जाळ्यात होती. ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी मंडळींना वारी ही 'तिकडची' गोष्ट वाटते असं मी ऐकलंय. त्यांना हे सांगायला पाहिजे, की सोहळ्याची शिस्त आणि तंबू या दोन गोष्टी त्यांच्याच दरबारातून आलेल्या आहेत. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं द्वारकाधीशाचं देऊळ आणि अहिल्याबाईंचा होळकर वाडा आजही उभे आहेत.

हे झालं सरदारांचं. साध्या वारकऱ्याचं काय?

त्याचं सामान म्हणजे पडशी. दोन्हीकडे खिसे असलेली, खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी पिशवी. हल्लीच्या मुलांना शब्दही माहीत नसतो. तिच्यात धोतर-सदरा, तांब्या, गोपीचंदन, हरिपाठाची पोथी, थोडं पीठ किंवा भाकरीचं गाठोडं. खांद्यावर घोंगडी, पावसात तीच डोक्यावर. गळ्यात टाळ. मागे एकदा एका म्हाताऱ्या वारकऱ्याने विनंतीवरून मला त्याची पडशी उचलू दिली. माझ्या अंदाजाने चार किलो. माझी बॅग मी घरून निघताना वजनकाट्यावर ठेवली होती: चौदा किलो. ही दहा किलोची तफावत कशाची, याचं उत्तर मला नातेपुत्यात मिळालं, ते पुढे सांगतो.

पण चार किलोच्या पडशीवर वीस दिवस भागत नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत पुणे आणि सासवडला दोन-दोन रात्री, मग जेजुरी, वाल्हे, नीरास्नान करून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. आषाढ म्हणजे पावसाचे दिवस. कोरडं अंथरूण आणि शिजवलेलं अन्न दोन्ही रोज लागणार. ज्याला कुठलीच दिंडी नाही अशा माणसाला सोहळ्यात 'मोकळा समाज' म्हणतात. तो गावकऱ्यांनी घातलेल्या पंगतीवर जेवतो आणि देवळाच्या ओसरीत, शाळेच्या व्हरांड्यात, झाडाखाली झोपतो. खरं म्हणजे 'स्वतःचं सामान स्वतः वाहणारा' हाच, आणि त्याच्याइतकं हाल सोसणारा वारीत दुसरा कुणी नाही. बाकीचे दिंडीत असतात, आणि दिंडी म्हणजे भजनी मंडळ तर आहेच, पण ती सामान आणि स्वयंपाक यांची सहकारी व्यवस्थाही आहे. दिंडीत जेवणा-मुक्कामाची जी वर्गणी द्यायची तिला 'भिशी' म्हणतात. पूर्वी ती धान्यात नि रोखीत असायची, आता रोखीत. भिशी भरली की तुमची वळकटी दिंडीच्या गाडीत पडते, पालात जागा मिळते आणि पंगतीत पान मिळतं. म्हणजे सामानाची वाहतूक आणि मुक्काम पैसे देऊन घेणं हे वारीत काही काल-परवाचं नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. दोनशे माणसांची एक मध्यम दिंडी धरा. हा हिशोब माझा आहे, कुठल्या दप्तरातला नाही. माणशी अंथरूण-पांघरूण-कपडे बारा किलो धरले तर 2400 किलो. माणशी रोज अर्धा किलो धान्य, वीस दिवस, म्हणजे 2000 किलो. वाटेत पंगती होतात म्हणून हे थोडं कमी होईल. पातेली, कढया, पालं, बांबू, सरपण मिळून दीड टन. एकूण सहा टनांच्या आसपास. दोन बैलांची गाडी मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात अर्धा टन सुखाने ओढते, पक्का रस्ता असेल तर जास्त. म्हणजे एका दिंडीला दहा-बारा गाड्या आणि वीस-चोवीस बैल, शिवाय त्या बैलांचा चारा. मध्यम आकाराच्या एका ट्रकमध्ये हेच सगळं मावतं.

पण खरा फरक वजनाचा नाही, वेळेचा आहे. बैलगाडीचा वेग तासाला तीनेक किलोमीटर, म्हणजे टाळ वाजवत चालणाऱ्या माणसाइतकाच किंवा कमी. म्हणून गाड्यांच्या काळात सामान माणसांच्या आधी पोचणं कठीण. पहाटे सर्वांच्या आधी निघायचं किंवा दुसऱ्या वाटेने जायचं, आणि तरीही माणसं तळावर आली की पालं ठोकायची, चूल पेटवायची, मग जेवण. पुणे ते सासवड हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, दिवे घाटाचा चढ, आणि त्या दिवशी एकादशी असल्याने पोटात उपास. घाटात माउलींच्या रथाला आजही जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. सामानाच्या गाड्यांचं त्या चढावर काय होत असेल ते मला शब्दांत सांगायची गरज नाही. ट्रक आला तेव्हा हा क्रम उलटा झाला. माणसं निघाली की मागे आवराआवर करून ट्रक निघतो, त्यांना गाठून पुढे जातो, आणि माणसं तळावर येतात तेव्हा पाल उभं असतं, आमटीला उकळी आलेली असते. साठी ओलांडलेली इतकी माणसं आज पूर्ण वारी करतात त्याचं एक कारण मला हे दिसतं. ट्रकवाला पंढरपूरला पुण्य मागत नाही, भाडं घेतो, पण वारीच्या इतिहासात त्याला एक ओळ द्यायला हवी.

रेल्वेनेही आपलं काम केलं, मात्र उलट्या दिशेने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे बांधली, अडीच फुटी रुळांची. 1897 साली ती बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला पोचली आणि 1927 मध्ये मिरजेला. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, असं ठरवून त्याने सगळे डबे आणि इंजिनं आखली. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्च कमी आला. आमच्या धंद्यात अजून हे उदाहरण देतात. 1927 नंतर बेळगावच्या माणसाला मिरजेला गाडी बदलून पंढरपूरला जाता येऊ लागलं. पायी जाणाऱ्यांची संख्या त्याने घटली नाही, पण परतीची वाट बदलली. पालखी परत आळंदीला पायीच जाते, बरोबर मात्र थोडेच असतात. जाताना चालत आणि येताना गाडीने, ही पद्धत आता इतकी रुळलीय की तिला कुणी 'ट्रिप' म्हणत नाही.

मुक्कामाकडे येतो. इथे हिशोब इतका सरळ राहत नाही.

उतरण्याच्या जागेला जुना शब्द 'उतारा'. पंढरपुरात बडवे, उत्पात आणि क्षेत्रोपाध्ये यांच्या घरी यजमान उतरत. कुठल्या गावचा यजमान कुणाचा हे वह्यांवरून ठरलेलं. मोठ्या सरदारांचे वाडे, फडकऱ्यांचे मठ वेगळे. यात्रेच्या दिवसांत पंढरपुरातलं जवळपास प्रत्येक घर हे भाड्याचं घर होत असे, आणि अजूनही होतं. वाटेवरच्या गावांत चित्र निराळं. पुण्याच्या पेठांतून, सासवडात, फलटणला अशी घरं आहेत की जिथे एकच दिंडी तीन-चार पिढ्या उतरते. वाडा पाडून फ्लॅट झाले तरी पार्किंगमध्ये सतरंज्या घालून तीच माणसं झोपतात. पैसे घेत नाहीत. घेतले तर घरातली म्हातारी रागावेल.

पण हे छप्पर सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळच अस्पृश्यांना बंद होतं, तिथे उताऱ्याची काय कथा. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे देवळाबाहेर, ती का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. देऊळ उघडावं म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठे दार उघडलं. पण त्याच्या बरंच आधी गाडगेबाबांनी दाराचा प्रश्न बाजूला ठेवून छपराचा प्रश्न हातात घेतला होता. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. बाबा स्वतः देवळात जात नसत. यात्रेनंतर झाडू घेऊन वाळवंट साफ करायचे आणि रात्री कीर्तन. ती धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवाच्या गावात पावसात भिजत उभा राहिलेला माणूस कोण, हे ओळखायला गाडगेबाबांना इतिहास वाचावा लागला नाही.

दिंडीच्या आतही हेच होतं. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख पुष्कळांनी शाळा-कॉलेजात वाचलेला असेल. त्या ज्या दिंडीत चालल्या तिथे ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या होत्या, भजन एकत्र. त्याचं त्यांना फार लागलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. दि. बा. मोकाशी 1961 साली चालले, त्यांचं 'पालखी' 1964 साली आलं. ही दोन्ही लिखाणं वाचताना मी चूल कुणाची आणि पाल कुणाचं एवढंच शोधत वाचलं. वाचायची पद्धत चुकीची असेल, पण हाती बरंच लागलं. पालखीबरोबर चालायला कुणाला आडकाठी नव्हती असं आपण अभिमानाने म्हणतो. चालून झाल्यावर कुठे टेकायचं, हा प्रश्न मात्र जातीप्रमाणे सुटत होता.

म्हणून भाड्याच्या खोलीबद्दल माझं मत आमच्या ज्येष्ठ सभासदांपेक्षा वेगळं आहे. पैसे मोजून मिळणारी खोली आडनाव विचारत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ती कधी कधी विचारतेच. पण एकट्या चालणाऱ्या बाईला, गुडघा दुखणाऱ्या माणसाला, ज्याच्या गावात दिंडीच नाही त्याला ती वाट उघडी करते. आमच्या पाच जणांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या माहेरची दिंडी होती, पण "भाऊ गेल्यापासून तिथं माझं कोण आहे?" असं त्या म्हणाल्या. भाड्याची खोली आणि सामानाची गाडी नसती तर त्या आल्याच नसत्या.

आता नातेपुतं. आमची सोय ज्यांनी केली होती त्यांची गाडी त्या दिवशी बरडच्या पुढे रांगेत अडकली. फोन लागेना. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. ठरलेली खोली गाडीवाल्यालाच माहीत. मी ओल्या कपड्यांत, हातात फक्त पाण्याची बाटली आणि खिशात पाकीट. शेवटी सातारा भागातल्या एका दिंडीच्या पालाशी जाऊन उभा राहिलो. आत एक बाई भाकऱ्या थापत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "माउली, भिजताय कशाला, आत या." जेवायला भाकरी-आमटी मिळाली, आणि कुणाची तरी जादा वाकळ. मी भिशी भरलेली नाही हे तिथे सगळ्यांना दिसत होतं. बोलता बोलता मी माझी हकिगत सांगितली, की आमच्या मंडळात सामान गाडीत टाकण्याला नावं ठेवतात. त्यांचा विणेकरी हसला. म्हणाला, "साहेब, आमचं सामान काय डोक्यावर हाय व्हय? ट्रकातच हाय की. ट्रक हाय म्हणून पाय चालतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग मिळाली. त्या सबंध रात्रीत तिच्यातलं मला खरोखर काय लागलं याचा मी हिशोब मांडला: एक कोरडा शर्ट, पंचा, रक्तदाबाच्या गोळ्या, चार्जर. तीन किलोसुद्धा नाही. उरलेलं सगळं घाबरून भरलेलं होतं.

त्या रात्री पालात पडल्या पडल्या अजून एक गोष्ट दिसली, जी दिवसा चालताना दिसली नव्हती. सगळं सामान ट्रकमध्ये जातं हे खरं नाही. विणा ट्रकमध्ये जात नाही. विणेकरी दमला तर दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, जमिनीवर ठेवत नाही. बायकांच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन ट्रकमध्ये जात नाही. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन एक बाई दिंडीबरोबर चालते, तोही नाही. टँकर दिंडीमागे येत असताना हंडा डोक्यावर कशाला, असा प्रश्न इंजिनिअरला पडणारच, आणि तो मी विचारलाही. त्या बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं, की मी तो पुन्हा विचारला नाही. पताका, टाळ, पखवाज, पादुका हेही माणसांच्याच अंगावर. म्हणजे घरचं ओझं गाडीत आणि वारीचं ओझं अंगावर, अशी वाटणी वारकऱ्यांनी फार आधी करून ठेवलेली आहे. आम्ही पाच जणांनी घरचं ओझं गाडीत टाकलं होतं, आणि अंगावर मात्र काहीच घेतलं नव्हतं. ज्येष्ठ सभासदांच्या टोमण्यात काही खरं असेल तर ते एवढंच, आणि ते मी मान्य करतो.

तळावर रोज संध्याकाळी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदाराने दंड उंच केला की क्षणात शांतता. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतो. त्यानंतर हरवलं-सापडलं जाहीर होतं: कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची पडशी. लाखोंच्या सोहळ्यात एका माणसाच्या पिशवीसाठी सगळे गप्प उभे राहतात.

2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. आषाढी एकादशी 1 जुलैला होती. आदल्या दिवशी माउलींच्या पादुका एस.टी.च्या बसने मोजक्या लोकांसह पंढरपूरला गेल्या. गाडीने गेली म्हणून त्या वर्षीची वारी मोजायची नाही, असं कुठल्या फडाने म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं, आळंदीचा 965 आणि देहूचा 965-जी असे त्यांना राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक आहेत. चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट आखली आहे. रस्ता रुंद होताना वाटेवरची जुनी झाडं गेली, हे मात्र माझ्या व्यवसायबंधूंच्या खात्यावर लिहिलं पाहिजे. दुपारच्या विसाव्याला सावली शोधत हिंडलो तेव्हा हा हिशोबही आपोआप झाला.

शेवटी मंडळाच्या कामाचं. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातून दरवर्षी पायी दिंड्या निघतात. त्यांच्या भिशीच्या वह्या घराघरांत असणार: कुणी किती पायली जोंधळा दिला, गाडीभाडं किती, कुठल्या गावात कुणाकडे उतरलो. अभंगाची हस्तलिखितं लोक जपून ठेवतात आणि या वह्या रद्दीत घालतात. तुमच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल तर द्यायची गरज नाही, पानांचे फोटो काढून मंडळाकडे पाठवा. अंकली ते आळंदी या वाटेवर घोड्यांचा मुक्काम ज्यांच्या गावात पडतो त्यांनी तर नक्कीच. येत्या ज्येष्ठात आम्ही तिघे जण घोड्यांबरोबर अंकलीहून मिरजेपर्यंत चालणार आहोत. बॅग गाडीतच असेल, पण या वेळी पाच किलोची.